आठशे मायक्रॉनवरचा रंग

अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णालयांत, न्यायालयांत आणि महाविद्यालयांत खोलीच्या दाराजवळ, कडी-कुलपाच्या बाजूच्या भिंतीवर एक लहानशी पाटी असते. खोलीचा क्रमांक किंवा नाव तिच्यावर उठावाच्या अक्षरांत असतं आणि खाली ब्रेलचे ठिपके. पाटी दारावर न लावता भिंतीवर लावतात, कारण ती बोटांनी वाचणारा माणूस तिच्या अगदी जवळ उभा राहतो. आतून कुणी दार उघडलं तर ते त्याच्या अंगावर येता कामा नये.

ही पाटी कशी असावी हे तिथल्या कायद्याने मिलिमीटरपर्यंत ठरवून दिलं आहे. ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’ या कायद्यावर २६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी सही केली. त्याखालची सध्याची मानकं २०१० सालची, आणि ती १५ मार्च २०१२ पासून बंधनकारक झाली. त्यांनुसार उठावाची अक्षरं सगळी कॅपिटल, टोकांना शेपट्या नसलेल्या साध्या वळणाची हवीत. त्यांची उंची १६ ते ५१ मिमी. दोन अक्षरांत किमान ३.२ मिमी मोकळी जागा. सर्वांत खालची ओळ जमिनीपासून १२२० मिमीच्या खाली नको, सर्वांत वरची १५२५ मिमीच्या वर नको. ब्रेलचा ठिपका घुमटाकार हवा आणि त्याची उंची ०.६ ते ०.९ मिमी. आणि अक्षरांचा पृष्ठभागापासूनचा उठाव किमान ०.८ मिमी, म्हणजे ८०० मायक्रॉन. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. पुढची सगळी कसरत त्याच्याभोवती चालते.

उठाव बोटांसाठी, हे उघड आहे. मग त्यावर रंग कशाला? अंधत्व म्हणजे मिट्ट काळोख, ही आपली समजूत चुकीची आहे. दृष्टिबाधित म्हणून गणल्या जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांना थोडंफार दिसतं. कुणाला धूसर दिसतं, कुणाला फक्त मधलं दिसत नाही, कुणाला नळीतून पाहिल्यासारखं मधलंच दिसतं. मधुमेहाने किंवा काचबिंदूने उतारवयात नजर गेलेल्यांनी ब्रेल शिकलेलं नसतं, पण शाळेत गिरवलेली अक्षरं त्यांना पाठ असतात. ते डोळा आणि बोट दोन्ही वापरतात. आधी पाटी कुठे आहे हे डोळ्यांनी शोधायचं, जवळ जाऊन अक्षर ओळखायचा प्रयत्न करायचा, शंका राहिली तर बोट फिरवायचं. भिंतीवर पाटी सापडलीच नाही, तर ८०० मायक्रॉनचा उठाव कितीही चोख असला तरी त्याचा उपयोग शून्य.

उठावाच्या अक्षरांना मोठा इतिहास आहे. पॅरिसमध्ये व्हॅलँतँ हावी यांनी १७८०च्या दशकात अंध मुलांसाठी शाळा काढली आणि जाड कागदावर रोमन अक्षरं उठवून पुस्तकं तयार केली. त्या शाळेत १८१९ साली दाखल झालेल्या लुई ब्रेल या मुलाने ती पुस्तकं हाताळली आणि त्यांची मर्यादा ओळखली. डोळ्यांसाठी घडलेलं अक्षर बोटाला संथपणे उलगडावं लागतं. ब्रेलने आपली ठिपक्यांची लिपी १८२९ साली छापून प्रसिद्ध केली आणि पुढे पुस्तकांतून उठावाची अक्षरं जवळजवळ हद्दपार झाली. पण दाराजवळच्या पाटीवर पानं वाचायची नसतात. एखादा शब्द किंवा तीन आकडे वाचायचे असतात. तेवढ्यासाठी हावींची पद्धत पुरेशी ठरते, आणि ब्रेल न शिकलेल्यांना तीच उपयोगी पडते. म्हणून आजच्या पाटीवर दोन्ही शेजारी नांदतात.

रंगाच्या बाबतीत कायदा मोजक्या शब्दांत बोलतो. गडद पार्श्वभूमीवर फिकं अक्षर किंवा फिक्यावर गडद, आणि दोन्ही बिनचमकीचे. १९९१च्या जुन्या मार्गदर्शक तत्त्वांच्या परिशिष्टात मात्र हिशेबासाठी एक सूत्र दिलं होतं. प्रत्येक रंग किती टक्के उजेड परत फेकतो ते मोजायचं, फिक्या रंगाच्या आकड्यातून गडद रंगाचा आकडा वजा करायचा आणि उत्तराला फिक्याच्या आकड्याने भागायचं. फरक ७० टक्के किंवा जास्त असावा, अशी शिफारस होती. पांढरं अक्षर ८५ टक्के उजेड परत देतं आणि गडद निळी पाटी १० टक्के असं धरलं, तर फरक येतो ८८ टक्के. उत्तम. आता वास्तुरचनाकाराला आवडणारी जोडी घेऊ. मलई रंगाची पाटी ७० टक्के आणि पोलादी राखाडी अक्षर ४० टक्के. उत्तर ४३. संगमरवरी दालनात ही पाटी देखणी दिसेल, आणि जिच्यासाठी ती लावली त्या व्यक्तीला ती दिसणार नाही. रंगछटा वेगळ्या असणं पुरेसं नसतं हेही या हिशेबातून कळतं. लाल आणि हिरवा एकमेकांपासून कितीही दूर वाटले तरी दोघे सारखाच उजेड परत देत असतील तर अक्षर बुडालंच. फोनने पाटीचा कृष्णधवल फोटो काढून पाहिला की या गोष्टीचा ढोबळ अंदाज कुणालाही येतो.

पांढरा किती पांढरा हे ठरलं, पण तो लावायचा कसा? प्रश्न इथून सुरू होतो.

एका मोठ्या रुग्णालयात शेकडो दारं असतात आणि प्रत्येक पाटीवर वेगळा मजकूर. तीनशे चार, तीनशे पाच, क्षकिरण कक्ष, महिला स्वच्छतागृह. एकाच पाटीच्या हजार प्रती काढायच्या असत्या तर स्क्रीन प्रिंटिंगची एक जाळी बनवून काम भागलं असतं. इथे प्रत्येक जाळी एकदाच वापरून फेकावी लागेल. म्हणून या व्यवसायाने जुना आणि फार हुशार मार्ग धरला. अक्षर आधीच वर उचललेलं आहे, तर त्या उंचीलाच साचा मानायचं. वरून रोलर फिरवला की जे उंच आहे त्यालाच रंग लागेल, सखल भाग कोरा राहील. खिळे जुळवून छापणाऱ्या छापखान्यांत हेच चालायचं. खिळ्याच्या माथ्याला शाई लागायची आणि ती कागदावर उतरायची. इथे कागद नाही, शाई माथ्यावरच वाळू द्यायची. पाटीचा मजकूर कोणताही असो, रोलर तोच.

हाताने हे काम करताना काचेवर रंग घेतात, त्यावर लहान रबरी रोलर फिरवून पातळ एकसारखा थर चढवतात आणि तो रोलर हलक्या हाताने अक्षरांवरून नेतात. सोपं वाटतं. पण एका ‘ई’कडे, इंग्रजी कॅपिटल ‘ई’कडे जवळून पाहू. रोलरला आधी उभा दांडा लागतो, पूर्ण लांबीचा आणि रोलरच्या आसाला समांतर. मग तीन आडवे दांडे येतात. आता टेकायला जागा थोडी, म्हणून तेच वजन त्या थोड्या जागेवर एकवटतं, रंग दोन्ही कडांकडे ढकलला जातो आणि तिथे बारीकशी वळी उठते. रंग सैल असेल तर ही वळी कडेवरून खाली ओघळते आणि अक्षराची रेघ अस्पष्ट होते. शब्द संपला की रोलरच्या पुढच्या भागाखाली आधारच उरत नाही. तो ८०० मायक्रॉन खाली टेकतो आणि पार्श्वभूमीवर पांढरा पट्टा उमटतो. कुशल कारागीर नेमका त्या क्षणी मनगट उचलतो. दिवसभरात शंभर पाट्या झाल्यावर ते मनगट तितकंच वेळेवर उचललं जाईल, अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

यंत्र ही चूक सहज टाळतं. यंत्रातला रोलर अक्षरांवर विसावलेला नसतो, दोन बाजूंच्या बेअरिंगवर ठराविक उंचीला धरलेला असतो आणि पाटी त्याखालून सरकते. शब्द संपला तरी रोलर पडत नाही. पण याच गुणातून त्याचा दोष निघतो. हातातला रोलर पडत होता, तरी अक्षराच्या मागोमाग वर-खाली जात होता. यंत्रातला रोलर कुणाच्या मागे जात नाही. पाटीचा एखादा कोपरा अर्धा मिलिमीटर खाली वाकलेला असेल तर तिथलं अक्षर कोरं राहतं. वर उचललेला असेल तर रबर नको तितकं दबतं आणि रंग खाली पोचतो.

आणि प्लॅस्टिकचा पत्रा सपाट असतो हा निव्वळ भास आहे. ओतीव अ‍ॅक्रिलिकच्या ३ मिमी जाडीच्या पत्र्यात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक व्यवहारात मान्य धरला जातो. म्हणजे दोन पत्र्यांच्या जाडीतला फरक अक्षराच्या उठावाच्या आसपास जाऊ शकतो. वर लावायच्या रंगाचा थर वाळल्यावर उरतो चाळीसेक मायक्रॉनचा, उठावाच्या विसाव्या हिश्शाइतका. फोटोपॉलिमरच्या पाट्यांची तऱ्हा आणखी निराळी. या पाट्यांवर प्रकाशाने कडक होणाऱ्या प्लॅस्टिकचा थर असतो. त्यावर निगेटिव्ह ठेवून अतिनील प्रकाश टाकला की अक्षरं आणि ठिपके कडक होतात, बाकीचं पाण्याने धुऊन काढायचं. धुणं, वाळवणं आणि पुन्हा प्रकाश देणं यांत तो थर आकसतो आणि पाटी किंचित धनुष्यासारखी होऊ शकते.

म्हणून रंग लावण्याचं यंत्र हे बव्हंशी पाटी सपाट धरून ठेवण्याचं यंत्र असतं. खाली बारीक छिद्रांचं टेबल, त्यातून हवा खेचून पाटी चिकटवून धरायची. आत शिरताना जाडी मोजायची आणि तेवढा रोलर वर-खाली करायचा. रबराचा कडकपणा असा निवडायचा की पाव मिलिमीटरचा चढउतार ते गिळेल पण अक्षरांमधल्या फटीत उतरणार नाही. रंगाच्या जातीवर चर्चा करणारे पुष्कळ भेटतात, पण बिघडलेल्या पाट्यांपैकी कितीतरींचं मूळ या पातळीत असतं. खिळ्यांच्या छापखान्यातले जुने लोक हे जाणत होते. एखादा खिळा झिजून बुटका झाला की त्याखाली कागदाची पट्टी सरकवायचे.

ओल्या रंगाच्या भानगडी नको असतील तर हॉट स्टॅम्पिंग आहे. लग्नपत्रिकेवरचा सोनेरी गणपती याच पद्धतीने उमटतो. पातळ पॉलिएस्टर फिल्मवर रंगाचा सुका थर असतो, त्याखाली उष्णतेने चिकटणारा गोंद. तापवलेला सिलिकॉनचा रोलर फिल्मवर दाबला की जिथे टेकेल तिथे रंग फिल्म सोडून अक्षराला बिलगतो. फिल्म ताणून धरलेली असल्याने अक्षरांमधल्या फटी ती आपोआप ओलांडते, खाली लोंबत नाही. वाळण्याची वाट पाहायची नाही, कडेला वळी नाही. अडचण तापमानाची. अ‍ॅक्रिलिक १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं आणि रोलर त्याहून बराच तापलेला असतो, म्हणून स्पर्श क्षणभराचाच हवा. फार चटकन नेलं तर कडा धरत नाहीत, रेंगाळलं तर अक्षराचे कोपरे बसतात. वेग, उष्णता आणि दाब तिन्ही एकदम सांभाळायचे असल्याने हे काम माणसापेक्षा मोटरवर सोपवलेलं बरं.

आता ब्रेल. ठिपक्यांची उंची अक्षरांच्या उठावाच्या जवळपास असल्याने रोलरला दोघांत फरक कळत नाही. ब्रेलला रंगाचा फरक असावा अशी अट नाही आणि बहुतेक निर्माते ठिपके पार्श्वभूमीच्याच रंगात ठेवतात. ब्रेल नेहमी अक्षरांच्या खाली, किमान ९.५ मिमी अंतर सोडून असतं. त्यामुळे हॉट स्टॅम्पिंगमध्ये फिल्मची पट्टी अक्षरांच्या ओळीपुरती अरुंद घेतली की ठिपके रंगापासून वाचतात. ओल्या रंगात धोका जास्त. ठिपक्याचा पाया दीड मिलिमीटरचा आणि शेजारच्या ठिपक्याच्या मध्यापासून अंतर जेमतेम अडीच. या चिंचोळ्या जागेत रंग साचतो, वर संरक्षक लेप मारला की आणखी साचतो. जमीन वर येते, ठिपका तिथेच राहतो आणि बोटाला तो बुटका लागतो. डोळ्यांना ती पाटी जास्त गुळगुळीत आणि देखणी दिसते. म्हणून तपासणी बोटाने वाचणाऱ्या माणसाकडूनच व्हायला हवी, असं मला आग्रहाने वाटतं. कॅमेरा रंगाची कडा तपासेल, पण हा दोष त्याला दिसणार नाही.

रंग लावायचाच नाही, हाही एक मार्ग आहे. ०.८ मिमी जाडीचा, आरपार पांढरा, मागे गोंद असलेला पत्रा गडद पाटीवर चिकटवतात. संगणकाने चालणारा राउटर अक्षराच्या कडेने बरोबर तेवढ्याच खोलीपर्यंत कापतो. मग अक्षर सोडून बाकी पत्रा उचकटून काढायचा. ‘ओ’च्या पोटातला गोळा, ‘ए’मधला छोटा त्रिकोण सुरीच्या टोकाने एकेक उचलावा लागतो, हे काम अजून हातानेच होतं. ब्रेलसाठी भोकं पाडून त्यांत सुमारे दीड मिलिमीटर व्यासाचे अ‍ॅक्रिलिकचे गोल मणी दाबून बसवतात. या पद्धतीचा मोठा गुण असा की अक्षराचा रंग त्याच्या संपूर्ण जाडीत असतो. उठावाचा माथा हीच सर्वांत जास्त घासली जाणारी जागा. तिथेच बोटं फिरतात, तिथेच रुग्णालयात रोज जंतुनाशकाचा फडका फिरतो. चाळीस मायक्रॉनचा लेप तिथे झिजला की अक्षर पार्श्वभूमीत विरून जातं. आरपार पांढरा पत्रा झिजला तरी पांढराच राहतो. एकेक वेगळी पाटी करायची असेल तर माझी पसंती याला.

पितळी आणि ब्राँझच्या ओतीव पाट्यांची युक्ती नेमकी उलट असते. आधी सगळ्या पाटीवर गडद रंग फवारायचा आणि मग पॉलिश पट्ट्यावर घासून फक्त माथ्यांवरचा काढायचा. खालचा धातू उघडा पडून अक्षर उजळ दिसतं. इथेही उंचीच साचा झाली. पण चकचकीत धातूवर दिव्याचा झोत पडला की अक्षर चमकीत हरवतं, आणि बिनचमकीची अट तिथेच मोडते.

अलीकडे अतिनील शाईचे प्रिंटर या कामात आले आहेत. शाईचे सूक्ष्म थेंब पडतात आणि लगेच शेजारच्या दिव्याने कडक होतात. एकावर एक थर देत अक्षराची उंची चढवायची आणि शेवटच्या थरांत रंग द्यायचा. उंची आणि रंग एकाच आराखड्यातून येत असल्याने रंग सरकून बाजूला लागण्याचा प्रश्न उरत नाही, दोन रंगांची चिन्हंही करता येतात. किंमत वेळेत मोजावी लागते, कारण ८०० मायक्रॉन गाठायला बरेच फेरे लागतात. ठिपक्याचा घुमट पायऱ्यांसारखा झाला तर बोटाला खरखर लागते, त्यामुळे थरांची रचना फार काळजीने करावी लागते. तयार उठावावर याच प्रिंटरने नुसता रंग द्यायचा तर कॅमेऱ्याने पाटीवरच्या खुणा शोधून जागा जुळवावी लागते, आणि शाईचं तोंड उठावाच्या वर राहिल्याने काही थेंब भरकटून कडेबाहेर पडतात.

अमेरिकन मानकांनी एक सूटही ठेवली आहे. बोटांसाठी बिनरंगी उठावाची अक्षरं आणि डोळ्यांसाठी तोच मजकूर वेगळा सपाट छापून दिला तरी चालतं. काही वास्तुरचनाकार हा रस्ता घेतात. मला तो कमी आवडतो, कारण डोळा आणि बोट दोन्ही वापरणाऱ्या माणसाला एकाच शब्दासाठी दोन ठिकाणी जावं लागतं.

आपल्याकडे या विषयाला नुकतीच धार आली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. प्रवेशसुलभ इमारतींसाठी केंद्राने २०२१ साली एकत्रित मार्गदर्शक तत्त्वं काढली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, अशी मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवणं मूळ कायद्याशी विसंगत आहे. केंद्राने तीन महिन्यांत बंधनकारक नियम ठरवावेत असा आदेशही दिला. पाट्या मोठ्या संख्येने बनवायची वेळ आली की अमेरिकन यंत्रं आणि आकडे तसेच उचलले जातील, अशी दाट शक्यता आहे. ते आकडे सुट्या सुट्या कॅपिटल अक्षरांसाठी आहेत. मराठी पाटीला कॅपिटल नाही आणि अक्षरांत ३.२ मिमी जागा सोडायची तर शिरोरेषा तोडावी लागेल. अखंड ठेवली तर बोटाला शब्दभर एक सलग कठडा लागतो आणि अक्षराची खरी ओळख त्याच्या खाली शोधावी लागते. अशी अक्षरं किती मोठी आणि किती विरळ असावीत, हे मराठी वाचणाऱ्या दृष्टिबाधितांना हातात पाट्या देऊनच ठरवायला हवं.

रंगाच्या यंत्रालाही शिरोरेषेचा विचार करावा लागेल. पाटी वरच्या कडेने रोलरखाली सरकवली, तर संपूर्ण शिरोरेषा एकाच क्षणी रोलरला भिडेल, दाब उसळेल आणि त्या रेषेच्या कडेने रंग खाली उतरेल. तीच पाटी आडवी, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीच्या टोकाने आत घातली, तर रेषा टोकाकडून हळूहळू रोलरखाली येते आणि दाब एकसारखा राहतो. अनुस्वाराचं दुखणं वेगळं. रेषेच्या वर एकटा उभा असलेला तो ठिपका आजूबाजूच्या आधाराविना सगळा दाब स्वतः घेतो, त्यामुळे त्याच्याभोवती रंगाचं कडं उमटण्याची भीती जास्त. त्याचा माथा रुंद आणि सपाट ठेवावा लागेल, ब्रेलच्या घुमटापेक्षा स्पष्टपणे मोठा, म्हणजे रंगही नीट बसेल आणि बोटाची गल्लतही होणार नाही.